बुधवारचे काका

“वाका,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. “अजून. उतारावर गुडघे मोडून उभ्या राहाल ना, तशा.”

ती वाकली. पाठीचं कवच वर सरकलं आणि त्याची कड मानेत रुतली.

“लांब होतंय. हेल्मेटला अडेल हे.” बाईंनी गळ्यातली टेप काढून तिच्या मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत माप घेतलं. “स्की जोरात करता की आपली मजेपुरती?”

“मजेपुरतीच. मैत्रिणींबरोबर तीन दिवस चाललेय. जवळजवळ दोन वर्षांनी फिरायला बाहेर पडतेय.”

“अगंबाई! एवढी कसली बेडी पडली होती पायात?”

“बाबा असतात घरी. पाठीचं ऑपरेशन झालंय त्यांचं, वाकता येत नाही. सकाळी बुटांच्या नाड्यासुद्धा मीच बांधते.” ती हसली. “म्हणून तर हे घ्यायला आले. मीही पाठ मोडून घेतली तर पाणी कोण कुणाला देणार?”

बाईंनी दोन कवचं काउंटरवर ठेवली. एक पट्ट्यांचं, कडक. दुसरं बिनबाह्यांच्या जाकिटासारखं, मऊ.

“हे मऊ बघून फसू नका. आपटलात की तेवढ्यापुरतं घट्ट होतं. मजेपुरतं जाणाऱ्यांना मी हेच देते, कारण हे अंगावर राहतं. लोक ते कडक नेतात आणि दुसऱ्या दिवशी टोचतं म्हणून खोलीवर ठेवून जातात. आडनाव सांगा, चिठ्ठी लावून ठेवते. दोन्ही घालून बघा निवांत.”

तिने आडनाव सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

“म्हणजे आमचे बुधवारचे काका तुमच्या नात्यातले का? हे आडनाव या गावात दुसरं ऐकलं नाही मी.”

“कोण काका?”

बाईंनी खालच्या कप्प्यातून एक काळं कवच काढलं. वापरून मऊ पडलेलं, कमरेचा पट्टा नव्याने शिवलेला. त्याला चिठ्ठी टाचली होती: ‘पट्टा नीट शिवणे. घाई नाही.’ शेवटच्या शब्दावरची रेघ कागदाबाहेर जाईल इतकी लांब ओढलेली. बाबा किराणा मालाच्या यादीतसुद्धा अशीच रेघ ओढत.

“दर बुधवारी हजर,” बाई कौतुकाने म्हणाल्या. “म्हाताऱ्यांच्या टोळीचे म्होरके आहेत. स्कीचे ते चार-चार बकलांचे बूट, आमची तरणी गिऱ्हाइकंसुद्धा रडकुंडीला येतात. काका खाली वाकून खटाखट लावतात. मी मदत करायला गेले की म्हणतात, हात लावू नका, मला काय धाड भरलीय?”

“कधीपासून येतात?”

“हा दुसरा हिवाळा. तुमचे चुलते का?”

“नात्यातले आहेत,” ती म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात दूरच्या शहरातून तिला नोकरीचं पत्र आलं होतं. पुलांचे आराखडे काढण्याचं काम, ज्याच्यासाठी ती शिकली ते. त्या आठवड्यात बाबा अंथरुणातून उठले नव्हते. कूस बदलायलाही तिला हाक मारत होते. बुधवारी तेवढे मित्राच्या गाडीतून व्यायामाच्या दवाखान्यात गेले होते, आणि दोन उशा पाठीशी लावून तिनेच त्यांना गाडीत बसवलं होतं. तिने पत्राला नकार कळवला, तेव्हा बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

तिने तिथूनच फोन लावला.

“बाबा, पाठ कशी आहे?”

“नेहमीचंच गं.” आवाज बारीक, दमलेला. या आवाजासाठी तिने किती वेळा कामावरून अर्धी सुट्टी काढली होती. “सकाळपासून जरा धरलीय. तू ये सावकाश. मी पडून राहतो.”

“पडून राहा. तुमचा पट्टा शिवून झालाय म्हणे. बुधवारी मिळेल.”

पलीकडे पलंग करकरला, पावलं वाजली. मग आवाज आला तो धडधाकट माणसाचा.

“मी सांगणारच होतो तुला.”

“कधी?”

“तुझी आई गेल्यापासून हे घर खायला उठतं, पोरी. सुरुवातीला खरंच दुखायचं, शपथ. मग राहिलं. तेवढ्यात तुझं ते पत्र आलं. सांगितलं असतं तर तू गेली असतीस.”

“गेले असते,” ती म्हणाली. “आणि दर सुट्टीला धावत आले असते.”

“आता येशील ना घरी? जेवायला थांबतो.”

तिने फोन ठेवला. बाई काउंटरवरच्या मऊ कवचाची घडी घालत होत्या. घातलेलीच परत मोडून घालत होत्या.

“मला काय ठाऊक हो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी आपली बडबडले.”

“तुम्ही खरं तेच सांगितलंत. हे मऊ द्या.”

बाईंनी कवच पिशवीत भरलं, पावतीचं पुस्तक पुढे ओढलं. नाव लिहिलं, माप लिहिलं, मग तिच्याकडे न बघताच विचारलं, “पत्ता… काकांचाच घालू?”

“नाही,” ती म्हणाली. “ती ओळ रिकामी सोडा. नवा कळवते.”