रबरी हातावरचं दही

सगुणाबाईंच्या थोरल्या मुलाला जुळी झाली त्या वर्षी गुहागरच्या वाचनालयात ध्रुवावरच्या संशोधनाची व्याख्यानं झाली. त्यांची लेक ऊर्मिला थेट अंटार्क्टिकाहून बोलली. उद्या ती भेगाळलेल्या बर्फावरून आत जाणार होती. बोलणं संपल्यावर लोक टेबलावर यंत्राला जोडलेल्या रबरी हाताशी हस्तांदोलन करू लागले. इथला स्पर्श तिथे तिच्या तळव्याला कळत होता आणि तिने बोटं हलवली की इथली रबरी बोटं हलत होती.

ती प्रवासाला निघाली तेव्हा सगुणाबाईंनी रागाने तिच्या हातावर दही घातलं नव्हतं. त्यानंतर त्या तिच्याशी बोलल्याही नव्हत्या. आज मात्र त्या पदराआड वाटी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"अहो काकू, यंत्र बिघडेल!" शेजारचा दिगंबर ओरडला.

"तुझ्या घामट हातांनी नाही बिघडलं ते?"

त्यांनी रबरी तळव्यावर चमचाभर दही घातलं.  कर्ण्यातून ऊर्मिला म्हणाली, "आई! अगं, पण हे चाटायचं कसं?"

"नीट परत ये. घरी वाटीभर देते."

रबरी बोटं वळली आणि त्यांनी सगुणाबाईंचा हात घट्ट धरला.

ऊर्मिला चैत्रात सुखरूप परतली. सगुणाबाई त्यानंतर बारा वर्षांनी, माघात, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून वारल्या.