एम. ए.ची हजेरी

"बाईसाहेब, येक बाई आल्या हायेत. नेरळवरनं चालत!" मोलकरीण बुधी पडवीतून आत ओरडून सांगत होती, तोवर आनंदी पायऱ्या चढून वर आलीसुद्धा. माथेरानची तांबडी माती तिच्या घोट्यांपर्यंत चढली होती. ती तिनं मुद्दामच झटकली नव्हती. लागू देत यांच्या फरशीला.

सुटीसाठी इथं आलेले प्रोफेसर मोरेश्वर दिघे वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि ओळखलं. दहा वर्षांपूर्वी "चार दिवस माहेरी राहून ये" म्हणून पोशीरला धाडलेली आणि पुन्हा कधी न आणलेली बायको. तिच्या तोंडात हाय-नाय होतं आणि मुंबईच्या मित्रांपुढे त्यांची मान खाली जायची, एवढाच तिचा गुन्हा.

"घाबरू नका," आनंदी म्हणाली. "नांदायला नाही आले. शिकायला आले आहे."

तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरला. एम. ए.च्या अभ्यासाचा अर्ज. कोणत्या टर्मला कोणता पेपर आणि तो शिकवणार कोण, असे रकाने होते. प्रत्येक पेपरापुढे शिकवणाऱ्याची संमतीची सही हवी. आनंदीनं संस्कृत घेतलं होतं. पहिल्या टर्मला धर्मशास्त्रातलं विवाहप्रकरण, दुसऱ्या टर्मला श्राद्धप्रकरण, आणि शिकवणाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव. अर्ज दुपारच्या गाडीच्या टपालात पडला नाही, तर तिचं वर्ष बुडणार होतं.

इतिहास घे, सोपा जाईल, असं बी. ए. झाल्यावर सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. तिनं कुणाचं ऐकलं नाही. तिला विद्या हवी होती हे खरंच. पण दोन वर्षं या माणसासमोर पहिल्या बाकावर बसायचं आणि त्याला एक तास म्हणून सुखानं शिकवू द्यायचा नाही, हे त्याहून जास्त हवं होतं.

"दुसरं कुणी बघ," प्रोफेसर हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे होतं.

"हे पेपर तुम्हीच शिकवता. चौकशी करूनच आले."

"बरं, करतो सही. पण नाव माहेरचं लिही."

"बी. ए.च्या सनदेवर हेच आहे. आणि हे ठेवलं कुणी? तांदळात अंगठीनं लिहिलंत ना तुम्ही? मी आपली त्या ताटाकडे बघत बसले होते."

"अगं, वर्गात हजेरी असते. पूर्ण नाव मोठ्यानं वाचावं लागतं."

"म्हणून तर आले."

प्रोफेसरांनी पेनाला टोपण लावलं. "मग नाही मिळणार सही. बस पोशीरला."

इतकी वर्षं मनात घोळवलेला सूड असा एका टोपणाखाली बंद होईल, हे आनंदीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती कागदाची घडी घालणार, तेवढ्यात प्रमिलाबाई, प्रोफेसरांची आताची बायको, कोकमाचं सरबत घेऊन बाहेर आली.

"नेरळवरून पायी? कमाल आहे हो तुमची! घ्या, आधी घसा ओला करा."

ती पेला ठेवायला वाकली, तसा तिच्या मंगळसूत्राशेजारचा चांदीचा टाक पुढे लोंबला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. असा टाक कोण घालतं ते आनंदीला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, "कुणाचा हो?"

"माझ्या सवतीचा. तापानं गेली बिचारी, माझ्या लग्नाआधी. यांनीच सोनाराकडून करवून आणला. तेव्हा बाबा म्हणाले, मेलेल्या बायकोला इतकं जपतो, तो तुला फुलासारखं ठेवील."

आनंदीची कानशिलं तापली. आपण टाकलेल्या आहोत हे तिला माहीत होतं. मेलेल्या आहोत हे आज कळत होतं.

प्रोफेसर काहीतरी बोलायला गेले, पण प्रमिलाबाई आपल्याच भरात होती. "दर वर्षी अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते मी. तिला घारगे फार आवडायचे म्हणे. म्हणून घारगेच करते."

"घारगे यांना आवडतात," आनंदी म्हणाली. "मला नाही."

प्रमिलाबाईचा हात पेल्यावरच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो माणूस वर्तमानपत्र तोंडासमोर उघडून बसला होता. मग तिनं टेबलावरचा अर्ज उचलला. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. तिनं ते खणखणीत वाचलं.

"आनंदी मोरेश्वर दिघे."

"हजर," आनंदी म्हणाली.

खालच्या रस्त्यानं एक घोडा टापा वाजवत गेला. प्रमिलाबाई गळ्याशी बोटं नेऊन टाकाचा दोरा सोडवू लागली. तो मंगळसूत्रात गुंतला होता. सुटेना, तेव्हा तिनं एक हिसडा दिला. दोरा तुटला आणि त्याच्याबरोबर मंगळसूत्राचे चार काळे मणी फरशीवर घरंगळले. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

अर्ज तिनं नवऱ्यासमोर सरळ करून ठेवला आणि पेनाचं टोपण स्वतः काढलं.

"करा सही," ती म्हणाली. "वारा आहे, कागद उडेल." आणि सवतीचा टाक तिनं कागदाच्या कोपऱ्यावर दाबून ठेवला.