मालकांचं मत

शोरूमच्या माणसाने मोबाइल स्टँडवर चढवला, दिवाणखान्यात चौफेर नजर फिरवली आणि विचारलं, "मालक कुठे बसतात ऐकायला?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आतून आला आणि दोन स्पीकरांच्या बरोबर मधल्या खुर्चीत जाऊन बसला. प्रश्नच मिटला.

खरं तर ॲम्प्लिफायर तिचा. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात तिचा जन्म गेला. दिवसभर कानाशी कटिंग मशिनचा खडखडाट. घरी आल्यावर एक तरी आवाज धड ऐकावा, एवढीच तिची हौस. बोनस हातात पडला तशी ती दुकानं पालथी घालत हिंडली आणि ना फार महाग ना अगदी स्वस्त असा एक काळा डबा घेऊन आली. सोबत व्हायोलिनची एक रेकॉर्ड. ही नसती थेरं कशाला, रेडिओ काय मेलाय का, असं नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं.

घरातल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरला नि स्पीकरांना वायरी जोडल्या आणि तोच झपाटला. असाच ॲम्प्लिफायर घेतलेल्या लोकांचा कुठलासा ग्रुप आहे, तिथे त्याला आता 'उस्ताद' म्हणतात. खर्जातला बास कसा, मधले सूर कसे, यावर उस्ताद रोज मत देतात. नवीन यंत्र आधी रुळू द्यावं लागतं, व्हायोलिनसारखं नाजूक काही इतक्यात लावायचं नाही, असं त्याने तिला बजावलं. यंत्र रुळलं, मग सुई बदलायची होती. सुई बदलली, मग त्याचा मूड नव्हता. तो ऐकत असताना स्पीकरांच्या मधून जायचीही बंदी, आवाज अडतो म्हणे. ती चुकून गेलीच, तर तो डोळे न उघडता नुसता हात वर करायचा. मग गॅलरीतले कपडे काढायला ती झोपायच्या खोलीतून वळसा घालून जाऊ लागली. स्वतःच्या कमाईने आणलेल्या वस्तूला वळसा घालायचा, याला काय म्हणावं? कपाळ म्हणावं, दुसरं काय.

बिल तिच्या नावावर, म्हणून शोरूमचा फोनही तिलाच आला. घरी येऊन मालकांचं मत टिपायचंय, ऐकताना थोडं चित्रीकरणही करायचंय, असं पलीकडची मुलगी म्हणाली. हिच्या मनाने उचल खाल्ली. परक्या माणसासमोर नवरा नाही कसा म्हणेल? व्हायोलिनची एक गत होईपर्यंत का होईना, त्या खुर्चीत बसायला मिळेल. तिने अर्धी रजा टाकली, केस धुतले आणि रेकॉर्डवरचं प्लास्टिक नखाने हलकेच सोडवून ठेवलं.

आता ती रेकॉर्ड हातात धरून भिंतीशी उभी होती. शोरूमच्या माणसाने ती पाहिली. आधी साहेबांचं होऊ दे, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला, आणि पंखा बंद करायला सांगितला. पंखा तिनेच बंद केला.

नवरा सुरू झाला. आम्ही खूप अभ्यास करून घेतला, चार दुकानं फिरलो, या किमतीत याला तोड नाही. फिरली होती ती. पायाला फोड तिला आले होते. शेवटी तो कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावत म्हणाला, "बाकी काही असो, गृहखात्याची मंजुरी लागतेच बाबा."

शोरूमचा माणूस खुशीत आला. त्याने मोबाइल तिच्याकडे वळवला. "वहिनी, तुम्हीही सांगा ना एखादं वाक्य. कसा वाटला ॲम्प्लिफायर?"

"मी अजून ऐकला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पैसे माझे. आणला मी. ऐकायला मात्र एकदाही मिळाला नाही."

पंखा बंद होता, त्यामुळे शब्द न् शब्द खणखणीत उमटला. शोरूमच्या माणसाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा हसला, म्हणाला, "दिवसभर मशिनजवळ असते हो. कान गेलेत तिचे." हे काढून टाका, असंही त्याने सांगितलं. काळजी नको, वहिनींचा चेहरा मात्र छान आलाय, तेवढा ठेवतो, असं म्हणून त्या माणसाने स्टँड मिटलं. त्याला पुढच्या घरी जायची घाई होती. कोणीतरी बसून ऐकतानाचं चित्रीकरण नवऱ्याच्याच वेळी आटपलं होतं. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तिने कपबशा विसळायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात ती कामावरून आली, तर नवरा दारातच उभा. शोरूमची फिल्म आली होती. ती मोठ्या आवाजात ऐकता यावी, म्हणून त्याने मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडूनही ठेवला होता. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, हाताला धरून तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

नवरा भरभरून बोलला, त्यातला शब्दही वाया गेला नव्हता. मग ती दिसली, धुतलेल्या केसांची, भिंतीशी उभी. तिचे ओठ हलत होते. वर शोरूमने कसलंसं झकास संगीत टाकलं होतं, दोन्ही स्पीकरांतून ते खोलीभर पसरलं.

"आता नीट कान देऊन ऐक," खुर्चीमागून नवरा म्हणाला. "तू तोंड उघडतेस ना, तिथे बास काय सुरेख आलाय."