न हलणारी फरशी

त्याचा सगळा जन्म जहाजावर आचारी म्हणून गेला, पण सकाळचं वृक्षासन कधी चुकलं नाही. डेक कितीही हेलकावला तरी हा एका पायावर झाडासारखा उभा. निवृत्त होऊन घरी आला आणि पहिल्याच सकाळी एक पाय उचलताच धाडकन आडवा झाला.

"वय झालं आता," बायको म्हणाली.

"वयाचं काय घेऊन बसलीस? ही फरशी हलतच नाही."

ती हसली. तो उठल्यावर त्याच्या शेजारी एका पायावर उभी राहून संथ डुलू लागली. त्याने घाईने तिचा हात धरला, तशी खोलीच पाण्यावर तरंगायला लागली. नकळत त्याचाही पाय उचलला गेला. तोल साधला.

"घाबरू नकोस, धरलंय तुला."

"मी कसली पडतेय?" ती डोळे मिटून म्हणाली. "तुम्ही समुद्रावर होतात, तेव्हा मी इथे रोज अशीच उभी राहायचे. आज डुलतेय ती तुमच्यासाठी."