झुडपाखालचे दाणे

पाखरांनी दाणे टिपल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. नव्या घरी आल्या आल्या तिने अंगणाच्या मधोमध, खांबाला दाण्यांनी भरलेला फीडर टांगला. पण त्या उघड्यावर एकही पाखरू फिरकेना, आणि ती दुपार-दुपार उपाशी.

"अगं, नेम तुझा. त्यांना कुणी सांगितलाय का?" नवरा वैतागायचा. "निदान चहा तरी घे."

"येतील हो. नवी जागा आहे, बिचकत असतील."

मग एका सकाळी फीडर अर्धा रिकामा दिसला. "बघ, पोटभर खाऊन गेली तुझी लेकरं!" म्हणत त्याने तिच्यापुढे ताटच मांडलं. तेव्हापासून रोज तसंच. ती वेळेवर जेवू लागली, घर हसतं झालं.

एकदा मात्र तिला जरा लवकर जाग आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तो काय, नवरा फीडरमधले दाणे मुकाट्याने खिशात भरतोय! म्हणजे इतके दिवस आपला नेम मोडतच होता?

तो चोरपावलांनी मागच्या कुंपणाशी गेला आणि सगळे दाणे दाट झुडपाखाली फेकून मागे वळला. त्याची पाठ फिरते न फिरते तोच फांद्याफांद्यांतून चिमण्यांचा थवा खाली उतरला आणि किलबिलत दाण्यांवर तुटून पडला.

तिने मनोमन हात जोडले आणि खिडकीतूनच हाक मारली.

"अहो, तो फीडर त्या झुडपापाशीच टांगा आता. रोज खिशातून किती वाहून न्याल?"