ओल्या मातीतल्या खुणा

बहादरपूरला केळी काढलेल्या शेतात आम्ही हौशी लोकांनी गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक केलाय. नुसती वळणंच वळणं. शिकवायची रीत माझ्या मामेभावाची, जीवनची: प्रत्येक फेरीआधी पाणी शिंपडायचं आणि ट्रॅक्टरमागे फळी ओढून माती सपाट करायची. मग आपली चाकं कुठे चुकली, ते मातीच दाखवते.

शर्यत उद्यावर आली होती, आणि मागच्या रविवारी मी गाडी पाटात घातली होती.

आज निघाले, तर पुढे चाकांच्या ताज्या खुणा. काय सुंदर वळत होत्या! त्यांच्यावरूनच गेले. गाडी एकदाही घसरली नाही. मी मोठ्याने गाणं म्हणतच परतले.

"ताई, एकदम मक्खन!" जीवन नाचत होता.

"माझ्याआधी कोण गेलं होतं रे?"

"कोणीच नाही. मी आत्ताच तर फळी फिरवली ना!"

आम्ही हसलो. त्याने पुन्हा फळी फिरवली, ट्रॅक्टर बाजूला लावला. मी गाडी सुरू केली. समोरच्या सपाट मातीत खुणा होत्याच, अगदी माझ्याच टायरांच्या नक्षीच्या. या वेळी डाव्या चाकाची जरा जास्त खोल.

तेवढ्यात जीवनने हसत डावं दार उघडलं.

"ताई, या फेरीला मी बी बसतो!"