पाण्यापलीकडची वस्ती

कारखान्यातली टाकी फुटली तर विषारी वायू खाडीवरून कुठवर जाईल, हे सांगणारं एक कॉम्प्युटर मॉडेल होतं. ते खरं ठरतं का, हे तपासायचं काम तिचं. मॉडेल म्हणायचं, वायू अर्ध्या वाटेतच विरून जाईल. तिने कारखान्याच्या खाडीकाठच्या धक्क्यावरून बिनविषारी वायू सोडून पाहिला, तर तो गार पाण्याला चिकटून सरळ पलीकडच्या वस्तीत शिरला.

"तुमची यंत्रं बिघडली असतील," असं म्हणत मॅनेजरसाहेबांनी तिची निरीक्षणं अहवालातून काढून टाकली. वस्तीत बसवायचा धोक्याचा भोंगाही रद्द झाला. "आता या विषयावर तोंड उघडायचं नाही," असं त्यांनी बजावलं, तेव्हा ती हो म्हणाली नाही.

वस्तीच्या सभेत साहेब बराच वेळ बोलले. ती मागे भिंतीला टेकून ऐकत होती. पुढे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "पण वारा आमच्याकडे वाहत असला तर?"

"मावशी, निर्धास्त राहा. आमच्या धक्क्यावरून इथवर साधा वाससुद्धा पोचणार नाही," साहेब म्हणाले. पुढचं वाक्य बोलता बोलता ते थांबले, नाक वर करून उघड्या खिडकीकडे बघू लागले. "इथे संत्रं कोण सोलतंय?"



"कुणीच नाही, साहेब," ती मागून म्हणाली. "तुम्ही बोलायला उभे राहिलात ना, तेव्हाच माझ्या सहकाऱ्याने तुमच्या धक्क्यावरून संत्र्याच्या तेलाचा फवारा सोडलाय."